सहलीच्या यादीतून गळलेले मूल

दिवाळीची सुट्टी संपली की शाळेतून सहलीची चिठ्ठी घरी येते. पैसे किती, बस किती वाजता, डबा काय आणायचा, खाली पालकांची सही. काही घरांत मात्र ही चिठ्ठी येतच नाही. तोंडी निरोप येतो, "याला पाठवू नका, आम्हाला सांभाळता येणार नाही."

मागच्या हिवाळ्यात म्हसा परिसरातल्या अशाच एका घरी आम्ही बसलो होतो. मुलगा चौथीत. एका जागी बसत नाही, दुसऱ्याच्या हातातले ओढतो, मोठा आवाज झाला की कान दाबून किंचाळतो. त्याची आई म्हणाली, "बरंच झालं. तिथं काही केलं असतं तर आपलीच लाज गेली असती." सहलीच्या दिवशी पहाटे तो गणवेश घालून दारात उभा होता, हेही तिनेच सांगितले, पण बऱ्याच वेळाने.

वर्गाबाहेर बसवणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको. म्हणून शाळेला जाब विचारण्याआधी आपल्या घरातही तेच चालले नाही ना, हे पाहिले पाहिजे. लग्नाला नको, विहारात वंदनेला नको, कारण तो गोंधळ घालतो. घरी ठेवून तो शांत होत नाही, फक्त लोकांच्या नजरेआड होतो.

असे वागणे म्हणजे संस्कारांची उणीव नव्हे, बाहेरची बाधा तर नव्हेच. भगताकडे घातलेले पैसे वाया जातात आणि उपचाराची वर्षे निघून जातात. अतिचंचल मुलाच्या मेंदूत स्वतःला आवरण्याची शक्ती इतरांपेक्षा उशिरा पक्की होते. त्याला नियम माहीत असतो, पण नियम आठवेपर्यंत हात पुढे गेलेला असतो. स्वमग्न मुलाला आवाज, गर्दी, अंगाला लागलेला धक्का फार तीव्र जाणवतो, आणि ठरलेले अचानक बदलले की त्याचा धीर सुटतो. मारल्याने यातले काहीच बदलत नाही. कान किंवा डोळे कमजोर असलेली, रात्री नीट न झोपणारी मुलेही कधी अशीच वागतात, म्हणून आधी तपासणी हवी.

उलट सहलीच्या ठिकाणी अशा मुलाचे वेगळेच रूप दिसते. आपल्या भागातलेच एक ठिकाण घ्या. म्हशावरून कर्जतकडे जाताना कशेळ्याच्या बाजूला आंबिवलीचे बौद्ध लेणे आहे (कल्याणजवळची आंबिवली वेगळी). नदीकाठच्या बुटक्या टेकडीत कोरलेला विहार, मध्ये मोठे दालन, तीन बाजूंना भिक्खूंच्या खोल्या. वर्गात पाठ चालू असताना दहा मिनिटे न बसणारे मूल इथे एकेका खोलीत शिरते, दगडावरून हात फिरवते, दालनात आपला आवाज कसा घुमतो ते ऐकते. त्याला हालचाल हवी असते आणि इथे ती कुणाला खुपत नाही.

पण तयारीशिवाय पाठवणेही बरोबर नाही. तयारी घरातूनच सुरू होते. शक्य असेल तर आधीच्या रविवारी आपणच मुलाला तिथे नेऊन आणावे. ते जमले नाही तर फोनवर फोटो दाखवावेत. कागदावर ओळीने चित्रे काढून द्यावीत: बस, लेणे, डबा, बस, घर. एकेक झाले की त्याने खूण करायची. पुढे काय होणार हे कळले की निम्मी भीती जाते. सहलीचा दिवस बिघडतो तो बहुधा लेण्यात नाही, बसची वाट पाहण्यात आणि जेवणाच्या रांगेत. झोपमोड आणि रिकामे पोट त्यात भर घालतात. आदल्या रात्री लवकर झोपवा, सकाळी भाकरी खाऊनच पाठवा. रोजचे औषध चालू असेल तर सहल आहे म्हणून चुकवू नका. बस लागू नये म्हणून स्वतःच्या मनाने गोळी देऊ नका, डॉक्टरांना विचारा. खिशात नाव आणि घरचा फोन लिहिलेली चिठ्ठी हवीच.

गुरुजी-बाईंना भेटून सांगायचे ते असे. त्याला मागच्या बाकावर नको, शिक्षकांशेजारी खिडकीजवळ बसवा. हाताला काम द्या, मुले मोजायचे किंवा पाण्याची पिशवी धरायचे. आणि नदीजवळ एक मोठे माणूस फक्त त्याच्यासाठी असू द्या. यात सूट नाही. स्वमग्न मुले अनेकदा न सांगता निघून जातात, पुष्कळांना पाण्याची ओढ असते, आणि अशा वेळी बुडण्याचा धोका सर्वांत मोठा असतो. तो किंचाळू लागला तर भोवतीची गर्दी हटवा, त्याला सावलीत न्या, शेजारी बसा, कमी बोला. समजावणे नंतर.

पहिली बाहेरची वारी म्हणून पौष पौर्णिमेची म्हशाची यात्रा मात्र निवडू नये. गुरांचा बाजार, घोंगड्यांची दुकाने, पाळणे, भोंगे, धक्काबुक्की. मोठी माणसेही तिथून डोके धरून येतात.

"सोबत पालक द्या" असे शाळा म्हणते. ज्याचा रोज बुडतो त्याला हे सोपे नाही. जमले तर जावे, पण ही अट होऊ नये, असे आमचे मत आहे. महिला मंडळातली एखादी ताई शाळेच्या परवानगीने जाऊ शकते.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा आहे. त्यात 21 प्रकार धरले असून स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि अध्ययन अक्षमता हे त्यांत येतात. त्याच्या कलम 16 प्रमाणे अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेने अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश, शिक्षण आणि खेळ-मनोरंजनाची संधी इतरांच्या बरोबरीने द्यायची आहे. अतिचंचलता त्या 21 मध्ये वेगळी धरलेली नाही. पण कोणत्याही मुलाला मारणे किंवा मानसिक त्रास देणे शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 ने बंद केले आहे. मुख्याध्यापकांना तोंडी सांगण्यापेक्षा साधा अर्ज द्या आणि पोच घ्या.

तपासणीसाठी लगेच मुंबई गाठायला नको. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत आणि अंगणवाडीत येते. ते येईल तेव्हा मुलाबद्दल मोकळेपणाने बोला, लपवू नका. मधल्या काळात मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय किंवा शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय गाठून पुढे कुठे दाखवायचे ते विचारा. टेली-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर आईवडिलांनाही आपला ताण बोलता येतो.

त्या घरी आम्ही नुकतेच पुन्हा जाऊन आलो. आई मुलाला घेऊन एका रविवारी आंबिवलीला जाऊन आली होती. खोल्या मोजताना त्याचा आकडा दर वेळी वेगळा येई आणि तो पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागे, असे तिने हसत सांगितले. शाळेची सहल पुढच्या महिन्यात आहे. या वेळी चिठ्ठी घरी आली आहे, आणि तिच्यावर सहीही झाली आहे.