मन कोमेजते तेव्हा

तुरीला मर लागली की आपण खोड चिरून आतील काळी रेघ पाहतो. घरातील माणूस कोमेजला, तर मात्र "आळशी झाला" म्हणून मोकळे होतो!

पीक बुडाल्यावर दुःख, भीती, राग येणारच. मनाचा तो धर्मच आहे. परंतु दोन आठवडे लोटूनही झोप नाही, अन्न गोड लागत नाही, कशातच मन रमत नाही, तर तो आजार समजावा. डॉक्टर त्यास नैराश्य म्हणतात. ती श्रद्धेतील उणीव नव्हे. उपचाराने पुष्कळ जण बरे होतात.

अशा माणसाला उपदेश नको. त्याचे ऐकावे. "जीव नकोसा वाटतो का?" असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट ओझे हलके होते. ही उसळी पुष्कळदा थोड्या वेळाची असते. म्हणून फवारणीचे औषध कुलपात व किल्ली दुसऱ्याकडे असावी. श्रीलंकेत अतिजहाल कीटकनाशकांवर बंदी आल्यावर, १९९५ नंतरच्या वीस वर्षांत आत्महत्या निम्म्याहून कमी झाल्या.

सरकारची 'टेली मानस' सेवा २०२२ पासून आहे. क्रमांक १४४१६, दिवसरात्र, विनामूल्य. मराठीत व कन्नडमध्येही बोलता येते. त्याला धीर होत नसेल, तर घरच्यांनी फोन लावून द्यावा.