एका चित्रगीताचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपण बहुधा देवळांच्या संदर्भात ऐकतो. चित्रपटांचाही जीर्णोद्धार होतो, आणि तेथेही कारागिरापुढे तोच पेच उभा राहतो : मळ म्हणून काय काढावयाचे आणि मूळचे म्हणून काय राखावयाचे?

याचे एक उत्तम उदाहरण नॉर्वेतील 'आ-हा' या तिघा तरुणांच्या वाद्यवृंदाचे. त्यांचे 'टेक ऑन मी' हे गीत १९८४ साली प्रथम प्रसिद्ध झाले, परंतु फारसे चालले नाही. १९८५ मध्ये ते नव्याने ध्वनिमुद्रित झाले आणि स्टीव्ह बॅरन या दिग्दर्शकाने त्यासाठी नवे चित्रगीत रचले. (दूरचित्रवाणीवर गाण्यासोबत दाखवावयाच्या चिमुकल्या चित्रपटास येथे आपण चित्रगीत म्हणू.) उपाहारगृहात चित्रकथा वाचीत बसलेल्या मुलीस पानावरील नायक डोळा मिचकावतो, पेन्सिलीने रेखाटलेला त्याचा हात पानातून वर येतो आणि तिला आत ओढून नेतो. आत एक रिकामी चौकट आहे. तिच्या एका बाजूने पाहिले तर माणूस हाडामांसाचा, दुसऱ्या बाजूने पाहिले तर नुसत्या रेघांचा!

ही किमया साधली रोटोस्कोप पद्धतीने. मॅक्स फ्लायशर यांना अमेरिकेत १९१७ साली या पद्धतीचे एकस्व मिळाले होते. प्रथम खऱ्या माणसांचे चित्रीकरण करावयाचे, मग एकेका चौकटीची प्रतिमा कागदावर पाडून ती हाताने गिरवावयाची. मायकेल पॅटर्सन व कँडेस रेकिंजर या चित्रकारांनी सुमारे ३,००० चौकटी सोळा आठवड्यांत काढल्या. भागाकार करून पाहावा : सुट्टी न घेता दररोज सुमारे २७ चित्रे! आता, कितीही सराईत हात असला तरी एकच रेघ दोनदा तंतोतंत तशीच उमटत नाही. म्हणून ही चित्रे वेगाने पुढे सरकू लागली की रेघा सतत थरथरतात. नायक स्वस्थ उभा असला तरी त्याची बाह्यरेषा स्वस्थ नसते. चित्राला जिवंतपणा येतो तो याच थरथरीमुळे, असे मला वाटते.

त्या काळच्या अमेरिकन दूरचित्रवाणीचे चित्र ५२५ रेषांचे असे, आणि त्यांतील सुमारे ४८० रेषाच प्रत्यक्ष चित्राच्या असत. पेन्सिलीच्या बारीक छटा त्यात बुडून जात. सुदैवाने चित्रण ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर झाले होते, आणि फिल्मवर त्याहून पुष्कळ अधिक तपशील साठलेला असतो. २०१९ मध्ये त्या फिल्मवरून 'फोर-के' दर्जाची, म्हणजे उभ्या मापात २,१६० बिंदूंची, नवी प्रत तयार करण्यात आली. नवीन काही रेखाटावे लागले नाही. जे होते तेच दिसू लागले. फेब्रुवारी २०२० पर्यंत हे चित्रगीत यूट्यूबवर १०० कोटी वेळा पाहिले गेले होते.

हे भाग्य सर्वांच्या वाट्यास येत नाही. बॅरन यांनीच १९८५ मध्ये 'मनी फॉर नथिंग' हे 'डायर स्ट्रेट्स' या वाद्यवृंदाचे चित्रगीत केले. त्यातील ठोकळ्यांसारखी माणसे संगणकावर, त्या काळच्या दूरचित्रवाणीच्या मापातच घडविलेली होती. तेथे मागे जाऊन खणावे असा खोल साठाच नाही. आणि आपल्या दादासाहेब फाळके यांनी आगकाड्या नाचवून केलेला 'आगकाड्यांची मौज' हा छोटा पट तर आज उपलब्धच नाही. त्याचा जीर्णोद्धार कशाचा करावा?

फिल्म हाती असली तरी एक धोका उरतोच. ओरखडा व धूळ ही एखाद-दुसऱ्या चौकटीपुरतीच दिसतात, म्हणून संगणक त्यांना सहज हुडकून पुसतो. पण पेन्सिलीची रेघसुद्धा दर चित्रात जागा बदलते! संगणकास दोन्ही सारखीच वाटू शकतात. सफाईचा आवेश थोडा वाढला की चित्र गुळगुळीत होते आणि सोळा आठवड्यांच्या मेहनतीवर बोळा फिरतो. नवी प्रत पाहण्याचा योग आला तर ती रिकामी चौकट येते तेथे नीट लक्ष द्यावे. काचेसारख्या स्वच्छ चित्रातही नायकाच्या केसांच्या रेघा अजून थरथरत असतात.