नाबोथाचा मळा आणि तिमोरची मतपेटी



राजांच्या पहिल्या पुस्तकाचा एकविसावा अध्याय आपण मिस्सेच्या वाचनात ऐकलेला आहे. इज्रेल येथे नाबोथ नावाच्या गृहस्थाचा द्राक्षमळा होता आणि तो नेमका अहाब राजाच्या वाड्याला लागून होता. राजाला तेथे भाजीपाला लावायचा होता. त्याने मागणी केली तीही रीतसर. याहून चांगला मळा देतो, नाहीतर रोख पैसे देतो, असे तो म्हणाला. भाव काही वाईट नव्हता. पण ही वाडवडिलांची जमीन आहे, ती देणार नाही, असे नाबोथाने सांगितले. राजा घरी येऊन तोंड फिरवून बिछान्यावर पडला, जेवेना.

पुढचे काम राणी ईजबेलने केले. आपण ही गोष्ट सांगताना बहुधा लोभाच्या पापावर बोलतो आणि तेथेच थांबतो. राणीने काय केले ते मात्र नीट पाहिले पाहिजे. तिने शिपाई पाठवून मळा बळकावला नाही. तिने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर राजमुद्रा उमटवली, गावात उपास जाहीर करायला लावला, सभा भरवली, नाबोथाला मानाच्या जागी बसवले आणि त्याच्यासमोर दोन खोटे साक्षीदार उभे केले. आरोप झाला, निकाल लागला, गावाबाहेर नेऊन त्याला दगडमार झाली. सगळे अगदी कायद्याने! वाड्यात शस्त्रांची काही वाण नव्हती, मग एवढा खटाटोप कशासाठी? कारण चोरीचा माल 'चोरीचा' म्हणून कोणालाच मिरवता येत नाही. जुलमी सत्तेलाही लोकांची संमती लागते. खरी मिळत नसेल, तर ती बनावट संमती तयार करते.

संत ऑगस्टिन यांनी 'देवाचे नगर' या ग्रंथात हाच मुद्दा दुसऱ्या टोकाने मांडला आहे. न्याय काढून घेतला तर राज्य आणि दरोडेखोरांची टोळी यांत फरक काय उरतो, असा त्यांचा प्रश्न आहे. सेमिनरीत आम्ही तो पाठ केला होता. त्याचे उत्तर पुस्तकात शोधण्यापेक्षा एका लहानशा देशाच्या इतिहासात शोधावे, असे मला वाटते. तो देश म्हणजे पूर्व तिमोर.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला असलेल्या तिमोर बेटाचा पूर्वेकडील भाग पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत त्याचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली चालत असे, म्हणजे आपल्याशी त्याचे जुने नाते आहे. एप्रिल १९७४ मध्ये पोर्तुगालमधील हुकूमशाही कोसळली आणि वसाहती मोकळ्या होऊ लागल्या. तिमोरमध्ये पक्ष निघाले, त्यांच्यात दुर्दैवाने यादवीही झाली, आणि २८ नोव्हेंबर १९७५ रोजी फ्रेतिलिन पक्षाने स्वातंत्र्य जाहीर केले. ते नऊ दिवस टिकले. ७ डिसेंबरला इंडोनेशियाच्या सुहार्तो सरकारचे सैन्य राजधानी दिलीत उतरले. आदल्याच दिवशी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फोर्ड आणि परराष्ट्रमंत्री किसिंजर जकार्तामध्ये सुहार्तोंना भेटले होते. आम्ही आड येणार नाही असे आश्वासन त्यांनी दिल्याचे पुढे खुल्या झालेल्या कागदपत्रांवरून सिद्ध झाले.

आता ईजबेलची पत्रे आठवा. ३१ मे १९७६ रोजी दिलीत एक 'लोकसभा' भरवण्यात आली. सभासद सैन्याने वेचून घेतलेले. एका बैठकीत त्यांनी एकमताने ठराव केला की, आम्हाला इंडोनेशियात सामील करून घ्यावे. त्याच वर्षी १७ जुलैला तिमोर हा इंडोनेशियाचा सत्ताविसावा प्रांत झाला. सभा होती, ठराव होता, शिक्का होता. फक्त लोकांना कोणी विचारले नव्हते.

डिसेंबर १९७५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने या आक्रमणाचा निषेध केला, तेव्हा विरोधात मत देणाऱ्या दहा देशांत आपला भारतही होता, हे आपण जाणून असावे. त्या वेळी आपल्याकडे आणीबाणी चालू होती. ऑस्ट्रेलियाने तर पुढे सामिलीकरणाला कायदेशीर मान्यता दिली. १९८९ मध्ये तिमोरच्या समुद्रातील तेल वाटून घेण्याच्या करारावर दोन्ही देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी त्याच समुद्रावरून उडणाऱ्या विमानात सह्या केल्या आणि शॅम्पेनचे पेले उंचावले. नाबोथाच्या मळ्यातील भाजी अशी वाटली गेली.

किंमत कोणी मोजली? तिमोरच्या सत्यशोधन आयोगाच्या अहवालानुसार १९७४ ते १९९९ या काळात संघर्षामुळे किमान १,०२,८०० माणसे मेली. त्यांतील सुमारे १८,६०० ठार झाली अथवा बेपत्ता झाली, बाकीची भूक आणि रोगराईने गेली. संपूर्ण देशाची वस्ती तेव्हा सात लाखांच्याही आतली होती. आपल्या वसई तालुक्याहून लहान लोकसंख्या!

येथे ख्रिस्तसभेचा संबंध येतो. १९७५ मध्ये तिमोरमध्ये कॅथलिक जेमतेम तीनांत एक होते. पंचवीस वर्षांनी दहांत नऊ झाले. यामागे काही अंशी सरकारी नियम होता, कारण प्रत्येकाने मान्यताप्राप्त धर्मांपैकी एक नोंदवावा असा इंडोनेशियाचा आग्रह होता. परंतु लोक चर्चकडे आले ते मुख्यतः दुसऱ्या कारणाने. सरकारने पोर्तुगीज भाषेवर बंदी घातली तेव्हा चर्चने इंडोनेशियन भाषा न स्वीकारता लोकांच्या तेतुम भाषेत मिस्सा सुरू केली. धर्मप्रांताचे प्रशासक मॉन्सिन्यॉर मार्तिन्यो दा कोस्ता लोपेस यांनी ऑक्टोबर १९८१ मध्ये सैन्याच्या अत्याचारांविषयी जाहीर उपदेश केला. याची शिक्षा त्यांना मिळाली. इंडोनेशियाच्या दडपणामुळे १९८३ मध्ये त्यांना पद सोडावे लागले, आणि रोमनेही ते सोडू दिले, हे आपण मान्य करायला हवे. १९९१ मध्ये लिस्बन येथे त्यांचे निधन झाले. स्वतंत्र तिमोर त्यांनी पाहिला नाही. मात्र व्हॅटिकनने एक गोष्ट शेवटपर्यंत केली नाही. दिलीचा धर्मप्रांत इंडोनेशियाच्या बिशप परिषदेला जोडला नाही, तो थेट पोपमहाशयांच्या अधिकाराखाली ठेवला. म्हणजे राजमुद्रेच्या पत्रावर चर्चने आपली सही केली नाही.

त्यांच्या जागी आलेले कार्लोस बेलो यांनी १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांना पत्र लिहून एकच मागणी केली, की आमच्या लोकांना विचारा. १९९६ चे नोबेल शांतता पारितोषिक त्यांना आणि जोझे रामोस-होर्ता यांना मिळाले. याच बेलोंवर अल्पवयीन मुलांच्या लैंगिक शोषणाचे आरोप झाले आणि २०२० मध्ये व्हॅटिकनने त्यांच्यावर निर्बंध घातले, हे २०२२ मध्ये जाहीर झाले. ही बाब वगळून तिमोरची कथा सांगणे म्हणजे पुन्हा खोटी साक्ष देणे होईल. ज्यांनी सत्तेच्या बळींसाठी आवाज उठवला, त्यांच्यावरच बळींचे आरोप आले. त्या आरोप करणाऱ्यांचेही ऐकून घेणे चर्चला बांधील आहे.

१२ नोव्हेंबर १९९१ रोजी दिलीच्या मोताएल चर्चमध्ये एका मारल्या गेलेल्या तरुणासाठी मिस्सा झाली. मिस्सेनंतर लोक मिरवणुकीने सांताक्रूझ दफनभूमीकडे गेले आणि तेथे सैन्याने गोळीबार केला. दोनशेहून अधिक माणसे मेली. ब्रिटिश पत्रकार मॅक्स स्टाल यांनी चित्रीकरणाची फीत एका कबरीत पुरून ठेवली आणि नंतर ती देशाबाहेर गेली. सोळा वर्षे जगाला न दिसलेली गोष्ट जगाने पाहिली.

मे १९९८ मध्ये सुहार्तोंना स्वतःच्याच देशातील विद्यार्थ्यांनी आणि जनतेने पायउतार व्हायला लावले. हे विसरता कामा नये. इंडोनेशियाचे सामान्य लोक तिमोरचे शत्रू नव्हते, तेही त्याच हुकूमशाहीचे बळी होते. नवे राष्ट्राध्यक्ष हबीबी यांनी जानेवारी १९९९ मध्ये तिमोरच्या लोकांना विचारण्याची तयारी दाखवली. मतदान ३० ऑगस्टला ठरले. सैन्याने पोसलेल्या टोळ्यांनी त्याआधीच गावे जाळायला सुरुवात केली होती. एप्रिलमध्ये लिकिसा येथील चर्चमध्ये आश्रयाला आलेल्यांची कत्तल झाली होती. तरीही नोंदलेल्या मतदारांपैकी ९८ टक्क्यांहून अधिक लोक मतदानाला आले. ७८.५ टक्के लोकांनी इंडोनेशियातील स्वायत्तता नाकारली, म्हणजेच स्वातंत्र्य मागितले.

निकाल ४ सप्टेंबरला लागला आणि सूड सुरू झाला. सुमारे १,४०० माणसे त्या वर्षी मारली गेली, देशातील बहुतेक इमारती जाळल्या गेल्या. ६ सप्टेंबरला सुआय येथील चर्चच्या आवारात आश्रय घेतलेल्या लोकांबरोबर तीन धर्मगुरू मारले गेले. त्यांतील फादर तार्सिसियुस देवांतो हे येशूसंघीय धर्मगुरू इंडोनेशियाचे, जावा बेटावरचे होते. त्यांना दीक्षा मिळून दोन महिनेही झाले नव्हते.

या दिवसांतील एक गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. तिमोरच्या सशस्त्र गनिमांनी चोवीस वर्षे डोंगरात लढा दिला होता. त्यांचे नेते शानाना गुस्मांव जकार्तामध्ये कैदेत होते. त्यांनी आज्ञा दिली की सर्वांनी छावणीत राहावे, प्रतिहल्ला करू नये. खाली आपली घरे जळताना दिसत होती, आणि ती माणसे शस्त्रे असून थांबली. आपण गोळी झाडली तर हे दोन गटांचे यादवी युद्ध आहे असे जगाला सांगितले जाईल, आणि मतपेटीतील उत्तर पुसले जाईल, हे त्यांनी ओळखले. न्याय्य युद्धाविषयी संत थॉमस अक्वायनस यांच्या अटी आम्ही शिकतो. योग्य कारण असले तरी हेतू आणि परिणाम पाहावा लागतो. त्या अटी न वाचता कोणी पाळल्या असतील तर त्या छावण्यांतील माणसांनी. २० सप्टेंबरला आंतरराष्ट्रीय शांतिसेना उतरली. २० मे २००२ रोजी तिमोर स्वतंत्र झाला.

काहींच्या मनात गोव्याचा प्रश्न येईल. १९६१ साली भारतीय सैन्य गोव्यात गेले, तेव्हाही लोकांना आधी विचारले नव्हते, हे खरे. सालाझारची हुकूमशाही तर कधीच विचारत नव्हती. फरक नंतर दिसला. १९६३ मध्ये गोव्यात निवडणूक झाली, आणि १६ जानेवारी १९६७ रोजी महाराष्ट्रात विलीन व्हायचे की नाही हे जनमत कौलाने ठरले. विलीनीकरणाचा पुरस्कार करणारे मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांचे मंत्रिमंडळ कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून आधी बाजूला झाले. विलीनीकरण सुमारे ३४,००० मतांनी हरले, तो निकाल सर्वांनी मानला, आणि त्यानंतरच्या निवडणुकीत बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. महाराष्ट्रात तेव्हा पुष्कळांना वाईट वाटले. पण कोणाचे घर जळले नाही.

याउलट सप्टेंबर २०२२ मध्ये रशियाने युक्रेनच्या व्यापलेल्या चार प्रांतांत 'सार्वमत' घेतले. दोनेत्स्कमध्ये ९९ टक्क्यांहून अधिक लोकांनी होकार दिल्याचे जाहीर झाले. असा आकडा दिसला की ईजबेलची आठवण यावी. तिमोरच्या खऱ्या मतदानात ९४,००० हून अधिक लोकांनी दुसऱ्या बाजूला मत दिले होते, आणि पुढे नव्या देशाला त्यांच्यासह जगावे लागले.

पोप पायस बारावे यांनी १९४४ च्या नाताळच्या संदेशात 'जनता' आणि 'जमाव' यांत भेद केला होता. जनता स्वतः विचार करते, जमाव हाकला जातो. त्यांच्या मते लोकशाही जनतेवर उभी राहते. म्हणून केवळ मतदान झाले की काम संपत नाही. तिमोरमध्येही २००६ मध्ये दंगली झाल्या, २००८ मध्ये राष्ट्राध्यक्ष रामोस-होर्ता यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. तरी निवडणुका होत राहिल्या, हरलेले पायउतार होत राहिले. दिलीत आज एका पुलाला हबीबींचे नाव आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तासितोलू येथे मिस्सा केली, तेव्हा सुमारे सहा लाख लोक जमले होते. १९८९ मध्ये त्याच ठिकाणी पोप जॉन पॉल दुसरे यांच्या मिस्सेनंतर तरुणांनी घोषणा दिल्या होत्या आणि पोलिसांचा मार खाल्ला होता. २०२५ मध्ये तिमोर 'आसियान' संघटनेचा सदस्य झाला. इंडोनेशिया त्याच संघटनेत त्याच्या शेजारी बसतो.

या आठवड्यात समूहप्रार्थनेत हा एकविसावा अध्याय सावकाश वाचावा, ही विनंती. वाचताना गावच्या वडीलधाऱ्यांकडे लक्ष द्यावे. राणीच्या पत्रातच लिहिले होते की दोन नीच माणसे साक्षीला उभी करा. म्हणजे साक्ष खोटी आहे हे त्या वडीलधाऱ्यांना पत्र वाचतानाच कळले होते. त्यांच्यापैकी कोणीही नाही म्हणाले नाही. चर्चेसाठी प्रश्न असा: आपल्या ग्रामसभेत किंवा सोसायटीच्या बैठकीत असे पत्र आले, तर पहिल्यांदा हात खाली कोण ठेवील, आणि त्याच्या शेजारी कोण बसेल?