औषधाचा हिशेब

सोपे प्रश्न आधी सोडवावेत व अवघड मागे ठेवावेत, हा गुरुजनांचा सल्ला आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. अमेरिकेत ‘प्रॅक्टिकल नर्स’चा परवाना मिळविण्यासाठी जी ‘एनक्लेक्स-पीएन’ परीक्षा द्यावी लागते, तेथे मात्र हा सल्ला निरुपयोगी ठरतो. माझी मावसबहीण तिकडे या परीक्षेची तयारी करीत आहे. तिची गणिते तपासण्याचे काम माझ्याकडे आल्यामुळे मलाही या परीक्षेची ओळख झाली.

१९९४ पासून ही परीक्षा संगणकावर होते. आधीच्या उत्तरांवरून उमेदवाराची पातळी अजमावून संगणक पुढचा प्रश्न निवडतो. दिलेले उत्तर पुन्हा बदलता येत नाही. २०२३ पासून कमीत कमी ८५ व जास्तीत जास्त १५० प्रश्न असतात आणि वेळ ५ तासांचा असतो. उमेदवार उत्तीर्णतेच्या रेषेच्या वर आहे की खाली, याची ९५ टक्के खात्री पटली की संगणक थांबतो. संख्याशास्त्रात आपण शिकतो ती ‘विश्वास मर्यादा’ हीच! म्हणून प्रश्न लवकर संपले, एवढ्यावरून पास-नापास ठरवता येत नाही.

घोकंपट्टी येथे अपुरी पडते. एका रुग्णाची जखम दुखते आहे, दुसऱ्याला भूक लागली आहे, तिसऱ्याला घरी जायचे आहे आणि चौथ्याला एकाएकी धाप लागली आहे. प्रथम कोणाकडे जाल? अर्थात चौथ्याकडे. श्वास आधी, बाकीचे नंतर. आपल्यासारख्या मराठी माध्यमातून आलेल्यांनी प्रश्नाची इंग्रजीही नीट वाचली पाहिजे. ‘कोणत्या बोलण्यावरून रुग्णाला अधिक समजावण्याची गरज दिसते?’ असे विचारले, तर चुकीचे विधान हेच बरोबर उत्तर असते.

आता गणित पाहू. मुलाचे वजन ४४ पौंड आहे. तापाचे औषध दर किलोला १५ मिलिग्रॅम द्यायचे आहे. ५ मिलिलिटर औषधात १६० मिलिग्रॅम आहेत. ४४ ला २.२ ने भागले की २० किलो. २० गुणिले १५ म्हणजे ३०० मिलिग्रॅम. ३०० ला १६० ने भागून ५ ने गुणले की ९.३७५, म्हणजे सुमारे ९.४ मिलिलिटर. पौंडाचे किलो करण्याचे राहून गेले, तर मात्रा ६६० मिलिग्रॅम होते, म्हणजे दुपटीहून अधिक! म्हणून मी बहिणीला प्रत्येक आकड्यापुढे त्याचे एकक लिहायला लावतो आणि आलेले उत्तर त्या वयाच्या मुलाला शोभते का, हे पाहायला सांगतो.

मित्रहो, आपल्या खातेवहीतील चूक दुरुस्तीच्या नोंदीने सुधारता येते. पोटात गेलेल्या औषधाला दुरुस्तीची नोंद नसते. म्हणूनच ही परीक्षा किती पाठ आहे यापेक्षा निर्णय किती सुरक्षित आहे, हे पाहते. तयारीही त्याच दृष्टीने करावी.