ढगांतला महाल घरी आणताना: खर्चाचा हिशेब

थॉमस कोलचे ‘यूथ’ हे चित्र भिंतीवर लावायचे असेल तर एक गोष्ट आधीच पक्की करा. पैसे चित्राचे द्यायचे नाहीत. द्यायचे ते कागदाचे, शाईचे, पट्टीचे, काचेचे आणि कारागिराच्या हाताचे. एवढे ध्यानात राहिले तर निम्मी फसवणूक टळते.

हे चित्र म्हणजे ‘द व्हॉयेज ऑफ लाइफ’ या चार चित्रांच्या मालिकेतले दुसरे. बालपण, तारुण्य, प्रौढपण आणि वार्धक्य अशा चार टप्प्यांत एक प्रवासी नावेतून आयुष्याची नदी पार करतो. ‘यूथ’मध्ये तो सोनेरी नावेचे सुकाणू स्वतःच्या हाती घेतो, त्याचा रक्षक देवदूत काठावर मागे राहतो, आणि समोर आभाळात घुमटांचा एक पांढरा महाल तरंगत असतो. तरुण हात उंचावून त्याकडे निघाला आहे. पण चित्र नीट पाहा: नदी महालाकडे जातच नाही, ती वळण घेऊन दुसरीकडे निघून जाते. सगळ्या चित्राचा जीव त्या वळणात आहे. स्वस्तातल्या प्रतीत नेमके तेच हिरव्या-तपकिरी डागात बुडून जाते, म्हणून पुढे त्याचा कसोटीसारखा उपयोग सांगितला आहे.

कोल १८४८ मध्ये वारला. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याच्या चित्रावरचा कॉपीराइट संपतो, म्हणजे हे चित्र केव्हाच सर्वांचे झाले आहे. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टकडे मालिकेचा १८४२ चा संच आहे आणि ती संस्था आपल्या संकेतस्थळावर त्याची प्रतिमा विनामूल्य उतरवू देते. आधीचा, १८४० चा संच न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका शहरातल्या संग्रहालयात आहे. दोन्ही कोलनेच रंगवलेले, पण हुबेहूब सारखे नाहीत. विक्रेत्याला कोणत्या संचाची प्रत आहे ते विचारा. त्याला सांगता आले नाही, तर त्याने प्रतिमा कुठून तरी उचललेली असण्याची शक्यता बरीच आहे.

कॉपीराइट उरलेला नसल्यानेच या चित्राच्या ‘मर्यादित आवृत्ती’ला आणि ‘प्रत क्रमांक ४७/२५०’ अशा आकड्याला जादा पैसे देऊ नका. प्रतिमा कुणालाही, कितीही वेळा छापता येते. त्या आकड्याला अर्थ येतो तो हयात चित्रकाराच्या बाबतीत. आज कुणी स्वतःच्या कल्पनेतले महाल आणि धुक्यातले डोंगर रंगवत असेल, तर त्याची सही, क्रमांक आणि प्रमाणपत्र यांची किंमत जरूर द्या. त्या चित्राचा हक्क त्याचा आहे आणि त्या पैशांवर त्याचे घर चालते. त्याचे चित्र परस्पर उतरवून छापून घेणे ही सरळ चोरी आहे.

आता माप. वॉशिंग्टनचे मूळ चित्र १३४.३ × १९४.९ सेंटिमीटरचे, म्हणजे रुंदी उंचीच्या साधारण १.४५ पट. बाजारात तयार मिळणारी २४ × ३६ इंचांची फ्रेम १.५ पटीची असते. तिच्यात बसवायला दुकानदार वरून-खालून चित्र छाटतो, आणि वर महालाचे आभाळ आहे. ‘थोडेसेच कापले’ हे उत्तर मान्य करू नका. २० × २९ इंच हे माप प्रमाणाला बरोबर बसते आणि मध्यम दिवाणखान्याला पुरते.

माप ठरले की फाइल तपासा. जवळून पाहायच्या चित्राला इंचाला २०० पिक्सेल तरी हवेत, म्हणजे २९ इंचांना ५,८०० पिक्सेल रुंदी. लांबून पाहायचे असेल तर १५० वर भागते, म्हणजे ४,३५० पिक्सेल. फाइल त्याहून लहान असेल तर माप कमी करा. सॉफ्टवेअरने ताणलेल्या प्रतिमेत पाने चिखलासारखी दिसतात.

पुढच्या हिशेबातले दर फक्त गणितापुरते धरले आहेत. पुण्यात, नागपुरात, मडगावात ते वेगळे पडतील. तुमच्या दुकानदाराचा दर घाला, पद्धत तीच राहील.

२० × २९ इंच म्हणजे जवळपास ४ चौरस फूट. साध्या फोटो पेपरवर चौरस फुटाला ८० रुपये धरले तर ३२० रुपयांत पोस्टर होते. वसतिगृहाच्या खोलीला ते ठीक आहे. मात्र उन्हासमोर रंग लवकर उतरतील हे समजून घ्या. सुती, आम्लविरहित कागदावर पिगमेंट शाईने छापलेल्या प्रतीला चौरस फुटाला ७०० धरा, २,८०० रुपये होतात. नऊपट फरक ऐकून दचकायला होते, पण तो कागदात आणि शाईत दिसतो. डाय शाई आणि पिगमेंट शाई यांत टिकाऊपणाचा मोठा फरक आहे. ‘जिक्ले’ (उंची इंकजेट छपाईचे बाजारातले नाव) असे नुसते लिहून दिल्याने काही सिद्ध होत नाही. शाई कोणती, कागद कोणत्या कंपनीचा आणि किती जीएसएमचा, हे विचारा.

खरा खर्च चौकटीत दडलेला असतो आणि लोक नेमका तोच विचारायला विसरतात. चित्राभोवती तीन इंचांचे माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची किनार, ठेवले तर बाहेरचे माप २६ × ३५ इंच होते. परिघ १२२ इंच, म्हणजे १० फुटांहून थोडा जास्त. कोपरे ४५ अंशांत कापताना पट्टी वाया जाते, म्हणून फ्रेमवाला साडेअकरा फूट लावेल. रनिंग फुटाला १५० धरले तर १,७२५ रुपये. आम्लविरहित माउंटचे ८००, मागची पाटी आणि मजुरी ५००. काच साधारण ६.३ चौरस फूट, साधी घेतली तर ५०० च्या आसपास. प्रतीसह एकूण ६,३२५ रुपये. साध्या काचेऐवजी अतिनील किरणे अडवणारे अॅक्रिलिक चौरस फुटाला ४०० रुपयांनी घेतले, तर तोच आकडा ८,३४५ वर जातो. ऊन येणाऱ्या खोलीत हे दोन हजार वाचवू नका. ऊन येत नसेल तर साधी काच पुरे.

माउंटवर मात्र कधीच काटकसर नको. साध्या पुठ्ठ्यातले आम्ल काही वर्षांत कागदाला कडेने पिवळे करते, आणि तो डाग निघत नाही. कोकण-गोव्यात आणि मुंबईत पावसाळ्यात बुरशी आणि कसर यांचाही त्रास असतो. काच कागदाला चिकटता कामा नये, मध्ये माउंटची जाडी हवीच. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या गोळ्या लावून घ्या, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यामधून हवा खेळते. ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर कागदी प्रत लावूच नका.

एकंदर कमी खर्चासाठी कॅनव्हास प्रिंट बरा. लाकडी चौकटीवर ताणण्यासाठी प्रत्येक बाजूला दोन इंच जादा धरा, २४ × ३३ म्हणजे ५.५ चौरस फूट. चौरस फुटाला ४५० आणि चौकटीचे ७२० धरले तर सुमारे ३,२०० रुपयांत काम होते, काच लागत नाही. कडेचे दोन इंच मूळ चित्रातून वळवू नका, कडा वेगळ्या रंगात छापून घ्या. नाहीतर चित्राच्या कडेचा भाग भिंतीच्या बाजूला जाऊन बसायचा. माझे मत विचाराल तर या चित्राला सुती कागद जास्त शोभतो. महाल आणि ढग यांतला फरक अगदी हलका आहे आणि कॅनव्हासच्या विणीत तो हरवतो.

मालिकेतली चारही चित्रे हवीत असे वाटणे साहजिक आहे. वरच्याच मापात चार फ्रेमना २५,३०० रुपये लागतील आणि मध्ये चार-चार इंच सोडले तरी भिंत १२ फूट ८ इंच हवी. लहान करून प्रत्येकी १० × १४.५ इंच केले तर चारही मिळून छपाईचे क्षेत्रफळ एका मोठ्या चित्राइतकेच भरते. पण दोन इंचांचे माउंट धरून चार चौकटींची पट्टी २१ फुटांवर जाते, मोठ्याच्या दुप्पट. बचत छपाईत होते, चौकटीत तेवढी नाही. चार चित्रे एकाच लांब फ्रेममध्ये बसवली तर पट्टी बरीच वाचते, मात्र काच जड होते. भिंतीत पक्के खिळे नसतील तर अॅक्रिलिकच घ्या.

हाताने रंगवलेली तैलप्रत हा वेगळाच मामला. चीनमधल्या शेनझेन शहरातले दाफेन गाव अशा नकलांसाठी जगभर प्रसिद्ध आहे, आणि आपल्याकडेही कलाशाळांतून बाहेर पडलेले चांगले चित्रकार हे काम घेतात. चित्रकाराचे किमान १२ दिवस धरा, दिवसाला १,५०० धरले तरी १८,००० रुपये होतात. तीन-चार हजारांत ‘हँडमेड ऑइल’ मिळत असेल तर ते घाईत फासलेले असेल, किंवा प्रिंटवर जेलचे फराटे मारलेले असतील. ओळखायला भिंग घ्या: छापलेल्या भागात शाईचे बारीक ठिपके दिसतात, आणि फराट्यांची दिशा खालच्या आकाराशी जुळत नाही. आगाऊ रक्कम निम्म्याहून जास्त देऊ नका, रेखाटन झाल्यावर आणि आभाळ झाल्यावर फोटो मागा. तैलरंग आतून वाळायला महिने लागतात, तेव्हा घाईने वार्निश लावून घेऊ नका.

परदेशातून प्रत मागवत असाल तर फ्रेमसकट कधीच नको. नळीत गुंडाळलेली प्रत मागवा आणि फ्रेम इथे करा. आयात शुल्क, कर आणि कुरिअरचा हाताळणी आकार किमतीत धरला आहे की दारात वेगळा मागणार, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारा.

‘यूथ’च्या जुन्या छापांचाही एक बाजार आहे. १८४८ मध्ये अमेरिकन आर्ट-युनियन या संस्थेने पहिला संच सोडतीत ठेवला. वर्गणी ५ डॉलर होती, आणि सभासदांची संख्या त्या वर्षी १६ हजारांच्या पुढे गेली. पाठोपाठ जेम्स स्मायली याने कोरलेले ‘यूथ’चे छाप सभासदांना मिळाले. म्हणजे हा छाप जुना आहे, पण दुर्मीळ म्हणता येणार नाही. तो घेताना कागदावर धातूच्या पत्र्याचा दाबलेला ठसा शोधा, तपकिरी डाग आणि कडेची छाटणी तपासा. जुनेपणाच्या नावाखाली सांगितलेल्या आकड्याला तिथल्या तिथे होकार देऊ नका.

शेवटी, पूर्ण छपाईआधी चाचणी पट्टी मागा: महालाचा घुमट आणि नदीचे वळण, एवढा भाग प्रत्यक्ष मापात. घुमटाची कड ढगापासून वेगळी दिसली आणि वळण झाडीत हरवले नाही, तर पुढे जा. पट्टीचे शे-दोनशे रुपये आनंदाने द्या. आणि पक्क्या बिलावर माप, कागदाचे नाव, शाईचा प्रकार, माउंट आणि काच की अॅक्रिलिक हे सगळे लिहून घ्या. नुसते ‘फ्रेम १ नग’ लिहिलेल्या बिलावर पुढे कोणतीही तक्रार उभी राहत नाही.