दारावर आलेलं अनुदान

इंग्लंडमध्ये भाड्याचं घर बघायला जाल तेव्हा स्वयंपाकघर नंतर बघा, आधी ईपीसी मागा. घर किती ऊर्जा खातं याचा हा दाखला, ‘ए’ ते ‘जी’ अशा श्रेणींचा. तो दहा वर्षं चालतो आणि सरकारी संकेतस्थळावर पत्ता टाकला की कुणालाही फुकट दिसतो. काही अपवाद सोडले तर ‘ई’च्या खालचं घर मालकाला भाड्याने देता येत नाही. इथल्या आमच्या मराठी मंडळींतल्या एका जोडप्याने उंच छताच्या व्हिक्टोरियन घरावर भाळून हा कागद वाचलाच नाही. जानेवारीत हीटिंग चालू असूनही अंगावर दोन स्वेटर! त्या काळच्या भिंती भरीव विटांच्या, त्यांना अस्तर लावणं खर्चिक. १९२०च्या दशकानंतरच्या बऱ्याच घरांना दुहेरी भिंत असते, मधल्या पोकळीत इन्सुलेशन भरता येतं.

स्वतःचं घर घेतलंत तर सुरुवात माळ्यापासून करा. तिथे साधारण २७० मिलिमीटर जाडीचा लोकरीसारखा थर हवा. त्यावर गणपतीचं मखर आणि भारतवारीच्या बॅगा रचू नका. थर दबला की ऊब धरत नाही.

मग हीट पंप, म्हणजे बाहेरची ऊब घरात आणणारं यंत्र. गॅस बॉयलर काढून तो बसवला तर ‘बॉयलर अपग्रेड स्कीम’मधून ७,५०० पौंड मिळतात. योजना इंग्लंड आणि वेल्सपुरती. स्कॉटलंडवाल्यांनी होम एनर्जी स्कॉटलंडला विचारावं. अर्ज तुम्ही करायचाच नाही. एमसीएस प्रमाणपत्र असलेला इन्स्टॉलर तो ऑफजेम या ऊर्जा नियामकाकडे करतो आणि रक्कम तुमच्या बिलातून वळती करतो. म्हणून दोन-तीन कोटेशनं घ्या आणि ही वजाबाकी प्रत्येकात स्वच्छ लिहिलेली आहे ना, ते बघा. मार्च २०२७पर्यंत अशा कामांवर व्हॅट शून्य आहे, तो कुणी लावला असेल तर तिथेच बोट ठेवा.

दारावर येऊन “सरकारी योजना आहे, आजच सही करा” म्हणणाऱ्याला मात्र चहासुद्धा विचारू नका. फुकट ते पौष्टिक, हा आपला जुना रोग. नॅशनल ऑडिट ऑफिसच्या ऑक्टोबर २०२५च्या अहवालानुसार, दोन सरकारी योजनांतून भिंतींना बाहेरून इन्सुलेशन लावलेल्या घरांपैकी ९८ टक्के घरांत दुरुस्ती लागणार आहे. आमच्यातल्या एका घराने अशाच कुणाच्या भरीला पडून छताला आतून स्प्रे फोम मारून घेतला. पुढे घर विकायला काढलं, तर गिऱ्हाइकाला कर्ज मिळेना. शेवटी फोम खरवडून काढण्याचा खर्चही त्यांनीच केला.

आणि घर घट्ट बंद केलं की फोडणीची वाफ, कुकरच्या शिट्ट्या, रेडिएटरवर वाळत घातलेले कपडे, सगळा ओलावा आतच कोंडतो. कपाटामागे काळी बुरशी धरते. स्वयंपाक करताना एक्झॉस्ट लावाच. बऱ्याच खिडक्यांच्या वरच्या चौकटीत हवा खेळती ठेवणारी एक बारीक झडप असते. थंडी येते म्हणून तिच्यावर चिकटपट्टी लावू नका. पहिल्या हिवाळ्यात आम्ही सगळ्यांनी लावली होती.