मोहाची बी आणि ज्येष्ठातील पाऊस

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांकडे पाठ करून पूर्वेस जव्हार-मोखाड्याच्या वाटेला लागले की मोहाची झाडे भेटू लागतात. मोहाच्या फुलांची चर्चा पुष्कळ होते. बियांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ज्येष्ठाच्या सुमारास फळे पिकून गळतात. वारली, कातकरी स्त्रिया ती वेचून गर काढतात, बियांचे कवच फोडून मगज उन्हात वाळवितात आणि घाण्यावर तेल काढून घेतात. हे तेल स्वयंपाकास, दिव्यास व साबणास उपयोगी पडते. पेंडीत सॅपोनिन असल्याने ती गुरांना तशीच घालता येत नाही. शेतात खत म्हणून चालते.

खरी अडचण वाळवणीची. नेमका तेव्हाच पाऊस सुरू होतो. ओल्या मगजास बुरशी लागते, तेल खवट होते. मग कोरडी जागा नसलेले कुटुंब मिळेल त्या भावाने बी विकून मोकळे होते. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील मालकीहक्क मान्य केला. 2020 साली केंद्राने मोहाच्या बियांची किमान आधारभूत किंमत किलोमागे 29 रुपये ठरविली. परंतु ओल्या, बुरशी धरलेल्या मालास हा भाव कोण देणार? ग्रामपंचायतीला समाजमंदिराची पडवी त्या दोन आठवड्यांपुरती मोकळी करून देता येईल. तेथे एक प्रमाणित वजनकाटाही असावा.